सर्व वर्षांची एक पंगत

मार्गशीर्ष सरूं लागला, पहांटेच्या थंडीस धार आली, कीं शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचीं पत्रकें घरोघर येऊं लागतात. पूर्वीं तीं टपालानें येत, आतां तीं मोबाइलवर येतात, एवढाच काय तो फरक. बहुतेक पत्रकें एकाच वर्षाच्या मंडळींचीं असतात. अमुक सालीं परीक्षा दिलेले चाळीस-पन्नास जण एखाद्या मळ्यांत जमतात, जेवतात, जुन्या खोड्या आठवून हंसतात आणि घरीं जातात. असले मेळावे गोड असतात व त्यांस फारशी तयारीहि लागत नाहीं. परंतु शाळेंतून बाहेर पडलेल्या सर्व वर्षांच्या विद्यार्थ्यांना एके दिवशीं एकत्र आणावयाचें, हा बेत अगदीं निराळा आहे. तो पुष्कळ ठिकाणीं मोठ्या उत्साहानें ठरतो, आणि पुष्कळ ठिकाणीं भाषणें, शाली व नारळ यांतच संपतो. या महिन्याच्या सदरांत आम्ही त्याच बेताचा विचार करणार आहोंत. आणि तो मोघम होऊं नये म्हणून सोलापूर शहर डोळ्यांपुढें ठेवणार आहोंत.

सोलापूरच कां, असें कोणी विचारील. सोलापूर हें बाहेरून आलेल्यांनीं वाढविलेलें आणि बाहेर गेलेल्यांनीं आठवणींत जपलेलें शहर आहे. १८६० सालीं तेथें आगगाडी पोंचली. १८७७ सालीं पहिली कापडाची गिरणी निघाली. मागावर बसावयास तेलुगु बोलणारे विणकर आले, पलीकडच्या गांवांहून कानडी बोलणारीं कुटुंबें आलीं, भोंवतालच्या दुष्काळी तालुक्यांतून शेतकरी आले; व्यापारी, वकील, शिक्षक आले. पुढें एकामागून एक मोठ्या गिरण्या बंद पडल्या. चादरीचे आणि टॉवेलांचे माग राहिले, पण शिकलेल्या मुलांचा ओघ पुणें, मुंबई, हैदराबाद, बंगळूर आणि त्याहीपलीकडे वाहूं लागला. घर विकलें जातें, वाडा पडून त्या जागीं सदनिका उभ्या राहतात, आईबाप मुलांकडे राहावयास जातात; शाळा तेवढी जागेवर असते. हरिभाई देवकरण, नॉर्थकोट, सेवासदन हीं नांवें परगांवीं नुसतीं उच्चारलीं, तरी दोन अनोळखी सोलापूरकरांचें बोलणें सुरू होतें. जहाजें, विमानें आणि मोटारी या तिन्ही धंद्यांत पुढें नांव मिळविणारे वालचंद हिराचंद १८९९ सालीं सोलापूरच्या सरकारी हायस्कुलांतूनच मॅट्रिक झाले. अशा गांवांतील शाळेनें आपलीं सर्व लेकरें एकदां बोलवावयाचीं म्हटलें, तर तें काम केवढें मोठें आणि किती नाजूक आहे हें ध्यानीं येईल.

पहिली अडचण यादीची. कार्यकारी मंडळ नेमलें जातें, तें उत्तीर्णांच्या याद्या मागवितें आणि वर्षावर्षाचे गट पाडूं लागतें. परंतु ‘वर्ष’ ही गोष्ट दिसते तितकी सरळ नाहीं. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें व दोन वर्षांनीं त्याची पहिली मॅट्रिक झाली. तेव्हांपासून हायस्कुलाचा शेवट म्हणजे मॅट्रिक हें समीकरण जवळजवळ नव्वद वर्षें टिकलें. १९४९ पासून तिच्या जागीं शालान्त परीक्षा आली. ती अकरावीच्या अखेरीस होई. १९७५ सालीं जुन्या अकरावीचे शेवटचे आणि नव्या दहावीचे पहिले विद्यार्थी एकाच वेळीं परीक्षेस बसले, म्हणजे त्या एका सालीं शाळेंतून दोन वर्ग बाहेर पडले. थोरला भाऊ अकरावीचा व धाकटा दहावीचा, आणि दोघेही ‘पंचाहत्तरचे’, अशीं घरें सोलापुरांतही असतीलच. म्हणून गट पाडतांना परीक्षेचें साल पुरत नाहीं. ‘आपण शाळेंत कोणत्या इयत्तेंत केव्हां आलांत व केव्हां शाळा सोडलीत’ हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

दुसरें असें कीं, उत्तीर्णांची यादी ही शाळेची यादी नव्हे. प्रत्येक शाळेंत एक जाडजूड जनरल रजिस्टर असतें. त्यांत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचें नांव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचें कारण लिहिलेलें असतें. हें रजिस्टर वाचूं लागावें म्हणजे परीक्षेपर्यंत पोंचलेल्यांच्या शेजारींच मध्यें गळालेल्यांचीं नांवें दिसूं लागतात. कोणाचा बाप वारला, कोणाला मागावर बसावें लागलें, कोणाचें बिऱ्हाड काम शोधीत दुसऱ्या गांवीं गेलें, कोणा मुलीचें लग्न ठरलें. कारणाच्या रकान्यांत दोनच शब्द असतात. परंतु त्या दोन शब्दांपुढें एका संसाराची दिशा बदललेली असते.

या मंडळींना निमंत्रण जावयाचें कीं नाहीं? आमच्या मतें मेळाव्याचें सारें यश या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. एका गांवच्या मेळाव्याची हकीकत आमच्या कानीं आली आहे. मंडप उत्तम होता, खुर्च्या वेळेवर मांडल्या होत्या. ज्याने हें सारें उभें केलें तो मंडपवाला त्याच शाळेंत आठवीपर्यंत शिकलेला होता. ज्यांच्यासाठीं तो खुर्च्या मांडीत होता त्यांपैकीं तीन-चार जण त्याच्याच बांकावर बसलेले. त्यांनीं त्याला ओळखलें नाहीं, आणि त्यानेंही ओळख सांगितली नाहीं. बिल चुकतें झालें, त्यांत कोणाची फसवणूक झाली नाहीं. तरीही शाळेनें आपल्याच एका मुलाला मागील दारानें आंत घेतलें आणि मागील दारानेंच बाहेर जाऊं दिलें, असें म्हणावें लागतें. दोष कोणा एकाचा नव्हता. दोष पत्रकाच्या पहिल्या ओळीचा होता. तींत ‘उत्तीर्ण झालेल्या’ हे शब्द होते. त्या जागीं ‘शिकलेल्या’ हा एक शब्द घातला असता तर तो गृहस्थ त्या दिवशीं खुर्ची मांडून स्वतः तींत बसला असता.

कोणी म्हणेल, ज्यांनीं शाळा सोडली त्यांना तेथें येण्यांत संकोच वाटेल. वाटेल, पण तो बाळगावयाचा कीं टाकावयाचा हें त्यांनीं ठरवावें, आम्ही त्यांच्यावतीनें ठरवूं नये. शिवाय शिक्षणाची वाट एकाच दरवाज्यांतून जाते असें सोलापूरला तरी कोणी सांगूं नये. दिवसा न्यायालयांत पट्टेवाल्याचें काम आणि त्याबरोबर शिक्षण, असे दिवस याच शहरांत काढलेले सुशीलकुमार शिंदे २००३ सालीं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. प्रत्येकाचें तसें होत नाहीं, व्हावें असेंही नाहीं. परंतु सोळाव्या वर्षीं कोण कोठें थांबला यावरून माणसाची किंमत ठरवूं नये, एवढें तरी त्यावरून शिकावें.

आमच्या वाचकवर्गास येथें एक गोष्ट मोकळेपणीं सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें. असल्या मेळाव्यांत पुढाकार घेणारीं घरें बहुधा आपल्यांतलींच असतात. वेळ, ओळखी, लेखनाची सवय व सभेंत बोलण्याची रीत हीं साधनें आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचा उपयोग शाळेसाठीं होत असेल तर तें योग्यच आहे. परंतु मोबाइलमधील नांवांवरून निमंत्रणें धाडूं लागलें, कीं यादी नकळत आपल्या आळीची, आपल्या नात्यांची आणि आपल्या आडनांवांची होते. सोलापूरच्या शाळेच्या बांकावर मराठी, तेलुगु, कानडी, उर्दू आणि गुजराथी घरांतील मुलें खांद्याला खांदा लावून बसत होतीं. मंडपांत जर त्यांतील एकच रांग दिसूं लागली तर त्याला शाळेचा मेळावा म्हणतां येणार नाहीं. तें एक मोठें हळदीकुंकू होईल. यास उपाय साधा आहे. मंडळांत आरंभापासूनच निरनिराळ्या पेठांतील माणसें घ्यावीं, आणि नांवें शोधण्याचें काम पेठवार वांटून द्यावें. साखर पेठेंतील माणसाला साखर पेठेंतील वर्गबंधु जितका लौकर सांपडेल तितका तो पुण्यास बसलेल्या चिटणिसास सांपडणार नाहीं.

रजिस्टर हाताळतांना मात्र मर्यादा पाळावी. त्यांत जात, जन्मतारीख, पालकांचा व्यवसाय अशा खाजगी नोंदी असतात. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन, शाळेंतच बसून, फक्त नांव आणि वर्षें उतरून घ्यावीं. पानांचीं छायाचित्रें काढून तीं व्हॉट्सॲपच्या गटांत फिरविणें हा अपराधच समजावा. कोणाची जन्मतारीख शाळेंत निराळी आणि घरीं निराळी असते. ती उघड करून मौज करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाहीं.

भगिनीवर्गाचा शोध हें निराळेंच प्रकरण आहे. रजिस्टरांत जी कुमारी कुलकर्णी होती ती आज कोणत्या नांवानें, कोणत्या गांवीं आहे हें कळण्यास साधन काय? आडनांव बदललें, पुष्कळ घरांत पहिलें नांवही बदललें. मुलांचे गट लौकर जुळतात व मुलींचे अपुरे राहतात याचें कारण उत्साहाचा अभाव नव्हे, नांवाचा अभाव आहे. म्हणून नोंदणीच्या पत्रकांत ‘शाळेंतील नांव’ हा रकाना पहिला असावा आणि ‘हल्लींचें नांव’ दुसरा. प्रत्येक जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या बहिणींचीं व त्यांच्या मैत्रिणींचीं नांवें कळवावीं. छातीवर लावावयाच्या बिल्ल्यावरही शाळेंतीलच नांव ठळक अक्षरांत असावें. चाळीस वर्षें जें नांव कोणी उच्चारलें नाहीं, त्या नांवानें एखाद्या आजीबाईला हांक मारली जाईल, तर तेवढ्यासाठींही मेळावा भरविणें सार्थकीं लागेल.

आतां दिवसाविषयीं. सोलापूरचा उन्हाळा ज्यानें सोसला आहे त्याला एप्रिल-मे सुचणारच नाहीं. हिवाळा उत्तम, परंतु जानेवारीच्या मध्यावर श्रीसिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरील अक्षता, नंदीध्वजांची मिरवणूक या दिवसांत शहरांतील रस्ते आणि उतरण्याच्या जागा भरून जातात. यात्रेसाठीं परगांवचीं माणसें घरीं येतातच, म्हणून त्याच दिवसांत मेळावा धरावा असा मोह होतो. तो आवरावा. यात्रेच्या दिवशीं सोलापूरकर सिद्धेश्वराचा असतो, शाळेचा नव्हे. यात्रेनंतरचा पहिला रविवार अधिक सोयीचा. ज्यांना रजा वाढवितां येईल त्यांना दोन्ही गोष्टी साधतात. मुंबईच्या मंडळींस रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनें सकाळीं उतरतां येतें व रात्रीं परततां येतें; म्हणून कार्यक्रम दहा वाजतां सुरू व्हावा आणि सूर्यास्तापूर्वीं संपावा. दिवस निदान सहा महिने आधीं जाहीर करावा. परदेशांतील माणसाला विमानाचें तिकीट आणि कार्यालयाची रजा या दोन्ही गोष्टी जुळवाव्या लागतात.

जानेवारीचा उल्लेख आला म्हणजे १२ तारीख विसरतां येत नाहीं. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १९३१ च्या १२ जानेवारीस मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं गेले. त्यांचीं नांवें वाचलीं तरी सोलापूर म्हणजे काय हें कळतें. मेळाव्यांत दिवंगत शिक्षक व विद्यार्थी यांचें स्मरण करतांना प्रथम या चौघांना वंदन करावें. तेथें भाषण नको. दोन मिनिटांची शांतता पुरे.

पैशाच्या बाबतींत आमची सूचना थोडी कठोर वाटेल. वर्गणी सर्वांस एकच असावी, आणि ती शहरांत राहणाऱ्या सामान्य उत्पन्नाच्या माणसालाही जड न वाटेल इतकी असावी. ज्याला ती देणें शक्य नसेल त्यानें गटप्रमुखाच्या कानांत सांगावें व तो विषय तेथेंच संपावा. ज्यांना अधिक द्यावयाचें असेल त्यांनीं तें शाळेच्या निधीस द्यावें, जेवणाच्या खर्चास नव्हे. ज्याच्या पैशानें पंगत बसते त्याच्याकडे पंगतीचें लक्ष राहतें; तें शाळेकडे राहिलें पाहिजे. मंचावर मोठ्या देणगीदारांची रांग, आणि समोर बाकीचे टाळ्या वाजविणारे, ही मांडणी लग्नांत शोभते, शाळेंत शोभत नाहीं. हिशेब महिन्याभरांत छापून सर्वांकडे पाठवावा. शिल्लक राहिली तर ती कोठें ठेवली हेंही लिहावें. पुढच्या वेळीं माणसें पुन्हां पैसे देतील कीं नाहीं हें या एका कागदावर ठरतें.

प्रत्यक्ष दिवस कसा घालवावा? सर्व वर्षांच्या मेळाव्यांत खरी अडचण अशी असते कीं, ऐंशी वर्षांच्या आजोबांस आणि बावीस वर्षांच्या तरुणास एकमेकांशीं बोलावयास विषय नसतो. दोघांचे वर्गबंधु निराळे, अभ्यासक्रम निराळा, इमारतीचा भागही कधीं निराळा. मग जो तो आपल्या वर्षाच्या घोळक्यांत शिरतो व एका मंडपांत पन्नास लहान मेळावे भरतात. यावर आम्हांस एक उपाय सुचतो. शिक्षक हा वर्षांना जोडणारा दोरा आहे. पंचविशींत नोकरीस लागलेला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त होईपर्यंत तेहतीस वर्षांचे वर्ग त्याच्या हातांखालून जातात. म्हणून सकाळचा एक तास वर्षवार न बसतां शिक्षकवार बसावें. जे शिक्षक हयात आहेत त्यांच्याभोंवतीं आणि जे नाहींत त्यांच्या तसबिरीभोंवतीं त्यांचे विद्यार्थी जमावेत. संस्कृतच्या एकाच गुरुजींची छडी एकानें साठ सालीं खाल्ली व दुसऱ्यानें नव्वद सालीं, हें कळतांच तीस वर्षांचें अंतर एका क्षणांत मिटतें. या मानांत शिपाई, ग्रंथपाल आणि प्रयोगशाळेंतील मदतनीस यांना वगळूं नये. घंटा देणाऱ्या हातांची ओळख मुख्याध्यापकांहूनही अधिक मुलांना असते.

त्यानंतर हजेरी घ्यावी. सर्वांत जुन्या वर्षापासून आरंभ करून एकेक वर्ष पुकारावें, त्या वर्षाच्या मंडळींनीं उभें राहून ‘हजर’ म्हणावें. एखाद्या वर्षाचा एकच वृद्ध उभा राहील, एखाद्या वर्षीं कोणीच उठणार नाहीं. तेथें क्षणभर थांबावें व पुढें जावें. भाषणें तीनांहून अधिक नसावीं, आणि त्यांतील एक सध्यां शाळेंत शिकणाऱ्या मुलाचें किंवा मुलीचें असावें. भोजन साधें, सोलापूरचें असावें. कडक भाकरी, शेंगांची चटणी, पिठलें, वांग्याची भाजी व एक गोड पदार्थ. परदेशाहून आलेल्या माणसाला पंचतारांकित उपाहारगृहांतील पदार्थांचें अप्रूप नसतें. शेंगांच्या चटणीचें असतें. ज्वारी निसवून हुरडा आला असेल तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं एखाद्या शेतावर हुरड्याचा बेत करावा. त्यांत औपचारिक असें कांहीं ठेवूं नये.

आलेल्या मंडळींनींही एक पथ्य पाळावें. भेटतांक्षणीं ‘सध्यां काय करतोस? मुलें कोठें असतात?’ असें विचारूं नये. हे प्रश्न निरुपद्रवी दिसतात. परंतु ज्याची गिरणी बंद पडली, ज्याचा मुलगा घरीं बसून आहे, जिचा संसार मोडला, त्यांना तेथेंच परत फिरावेंसें वाटतें. त्याऐवजीं ‘तूं कोणत्या बांकावर बसत होतास?’ असें विचारावें. या प्रश्नाचें उत्तर सर्वांजवळ असतें, आणि त्या उत्तरांत कोणी मोठा नसतो, कोणी लहान नसतो. पति किंवा पत्नी सोबत येणार असेल तर त्यांच्या बसण्या-बोलण्याचीही सोय पहावी. दुसऱ्याच्या आठवणी दिवसभर ऐकणें ही सोपी गोष्ट नाहीं.

सर्वांत शेवटीं तो प्रश्न, जो बहुतेक मेळाव्यांत विचारलाच जात नाहीं. ज्या शाळेच्या अंगणांत आपण गहिंवरून बोलतों, त्या शाळेंत आज आपल्यांपैकीं कोणाची नातवंडें शिकतात? मराठी माध्यमाच्या किती जुन्या शाळांत तुकड्या कमी झाल्या, किती वर्गखोल्यांना कुलुपें लागलीं, हें शहरांतील प्रत्येकास ठाऊक आहे. आपण तेथें मराठींतून शिकलों, त्या बळावर बाहेर पडलों, आणि पुढच्या पिढीसाठीं दुसरा दरवाजा निवडला. ती निवड करण्यामागें कोणाचीं काय कारणें असतील तीं असोत. पालकांना आम्ही दोष देत नाहीं. पण जी शाळा आपणांस आपल्या मुलांसाठीं पुरेशी वाटली नाहीं, ती आज ज्यांचीं मुलें तेथें शिकत आहेत त्यांच्यासाठीं पुरेशी व्हावी, एवढें ऋण तरी आपल्यावर राहतेंच. आज त्या बांकांवर बसणारीं मुलें बहुधा पहिल्यांदाच हायस्कूल पाहणाऱ्या घरांतलीं आहेत. म्हणजे शाळा तिचें जुनेंच काम करीत आहे. फक्त त्या कामाकडे पाहणारे आपण दूर गेलों आहोंत.

तेव्हां मेळाव्याची स्मृति म्हणून संगमरवरी प्रवेशद्वार बांधण्यापूर्वीं मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना विचारावें कीं, शाळेला काय हवें आहे. कदाचित् पिण्याच्या पाण्याची टाकी हवी असेल. पाण्याची ओढ सोलापूरकरांस नवी नाहीं. कदाचित् मुलींसाठीं स्वच्छ शौचालय, प्रयोगशाळेंत भिंगें, ग्रंथालयांत नवीं पुस्तकें, किंवा दहावीच्या मुलांना आठवड्यांतून दोन संध्याकाळीं गणित शिकविणारा एखादा निवृत्त माणूस हवा असेल. यांतील शेवटची देणगी पैशाची नाहीं, आणि गांवांत राहिलेला माजी विद्यार्थीच ती देऊं शकतो. परगांवीं गेलेल्यांनीं पैसे द्यावे, राहिलेल्यांनीं वेळ द्यावा. दोघांचीं नांवें एकाच यादींत, एकाच अक्षरांत छापावीं.

आणि मेळावा संपल्यावर ती यादी फेंकून देऊं नये. एवढ्या खटपटीनें जुळविलेलीं नांवें एका वहींत नीट लिहून, शाळेच्या ग्रंथालयांत ठेवावीं. दर वर्षीं बाहेर पडणाऱ्या वर्गानें, पास झालेल्यांनीं आणि न झालेल्यांनींही, तींत आपलीं नांवें स्वहस्तें लिहावीं. मग पुढच्या मेळाव्याच्या चिटणिसाला शोध घेण्याचें काम उरणार नाहीं, नुसतें बोलावण्याचें उरेल.